लहान शहराचा आपत्तीचा धोका कसा मोजायचा : नागपूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या अभियंत्याला उत्तर

प्रश्न विचारला आहे नागपूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका नगरपरिषदेत नुकत्याच रुजू झालेल्या स्थापत्य अभियंता ताईंनी. शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. मुख्याधिकाऱ्यांनी पावसाळ्याआधी आपत्ती जोखमीचा आराखडा मागितला आहे. हाताशी दोन महिने, एक लिपिक आणि एक छापील तक्ता, ज्यात पूर, उष्णतेची लाट, वीज, गारपीट, भूकंप या सगळ्यांना एक ते पाच गुण द्यायचे आहेत. एक खासगी कंपनी उपग्रहाच्या नकाशांसह तयार अहवाल द्यायला बसलीच आहे. तो घ्यावा का, सुरुवात कुठून करावी, आणि भूकंप धरायचा की सोडायचा, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, तक्ता मागितला आहे तर द्यावाच लागेल. पण भरा सगळ्यात शेवटी. त्यात शक्यता आणि परिणाम यांच्या गुणांचा गुणाकार करायचा असतो. भूकंपाची शक्यता एक, परिणाम पाच, गुणाकार पाच. दाट धुक्याची शक्यता पाच, परिणाम एक, गुणाकार पुन्हा पाच. म्हणजे कागदावर भूकंप आणि धुकं एकाच पंगतीला बसले. असे तक्ते मी बरेच पाहिले आहेत. त्यावरून कोणी एक नाली रुंद केल्याचं मात्र ऐकिवात नाही.

मी धोक्यांची क्रमवारी दुसऱ्याच प्रश्नावर लावतो. संकटाची पहिली खूण दिसल्यापासून ते माणसाच्या अंगावर येईपर्यंत हाती वेळ किती असतो? आणि त्या घटकेला तिथे कोण असतं? तोच पाऊस दुपारी चारला पडला तर रस्त्यात खोळंबा होतो. रात्री दोनला पडला तर तळमजल्यावर झोपलेली म्हातारी माणसं जातात. पाऊस तेवढाच, जोखीम वेगळी.

नागपूरचंच उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर २०२३. चार तासांत १०९ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला ९० मिलिमीटर मध्यरात्रीनंतरच्या दोन तासांत. अंबाझरी तलाव आधीच भरलेला होता, तो ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट इथे लोकांना झोपेतून उठून वरच्या मजल्यावर पळावं लागलं. मोरभवन बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. हजारो घरांत पाणी गेलं, माणसंही दगावली. आता लक्षात घ्या, शंभर मिलिमीटरचा पाऊस नागपूरला काही नवा नाही. जूनमध्ये तो पडला असता तर बराचसा जिरला असता, कारण तेव्हा आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात आणि तलावांची पातळी तळाला असते. सप्टेंबरअखेर माती भिजून फुगलेली, तलाव काठोकाठ; पडेल तो थेंब वाहणारच. त्यात वाट अडलेली. सांडव्यासमोरची बांधकामं आणि नदीचं आकसलेलं पात्र हा विषय पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. पावसाचा आकडा, महिना, तलावाची पातळी, वाटेतला अडथळा आणि रात्रीची वेळ, हे सगळं एकत्र धरलं तरच जोखीम कळते. तक्त्यात यातलं फक्त 'पूर' एवढंच येतं.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा, आणि पाण्याची सुरुवात पुलियांपासून, म्हणजे नाल्यांवरच्या छोट्या पुलांपासून. शहरातल्या सगळ्या पुलिया आणि रपटे (पूर आला की पाण्याखाली जाणारे ठेंगणे पूल) पायी फिरून मोजा. टेप, मोबाइल आणि नाला सफाईचा मुकादम एवढं सोबत असलं की पुरे. मुकादमाला घेतल्याशिवाय जाऊ नका. कुठे दरवर्षी काय अडकतं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

एक हिशेब करून दाखवतो. समजा आठवडी बाजारामागच्या नाल्यावर जुनी पुलिया आहे, १.२ मीटर व्यासाचे सिमेंटचे दोन पाइप. एका पाइपात निम्म्यापर्यंत गाळ, आणि तोंडावर पाणीपुरवठ्याची लोखंडी लाइन आडवी गेलेली, तिला प्लॅस्टिक आणि तुराट्या अडकलेल्या. नाल्यावरचं पाणलोट २०० हेक्टर. नागपूरच्या त्या रात्रीसारखा पाऊस धरला तर तासाला ४५ मिलिमीटर. पाणलोटात शेती होती तेव्हा पडलेल्या पाण्यातलं साधारण ३५ टक्के वाहून येत असे. आता लेआउट पडले, सिमेंटचे रस्ते झाले, तर ७० टक्के धरा. ४५ गुणिले २०० गुणिले ०.७, भागिले ३६० (तासाचे मिलिमीटर आणि हेक्टर यांचे सेकंदाचे घनमीटर करायला ३६०). उत्तर येतं १७.५ घनमीटर प्रतिसेकंद. पाइपांचं एकूण तोंड सव्वादोन चौरस मीटर. वेग सेकंदाला अडीच मीटर धरला, तरी दोन्ही साफ असताना साडेपाच-पावणेसहा घनमीटर जातील, गाळासकट चारच. उरलेले तेरा घनमीटर दर सेकंदाला पुलियाच्या अलीकडे तुंबणार. दहा मिनिटांत ७,८०० घनमीटर, म्हणजे ७८ लाख लिटर. बाजाराचा खोलगट भाग दोन हेक्टरांचा असेल तर तिथे सुमारे चाळीस सेंटिमीटर पाणी. दहा मिनिटांत गुडघ्याच्या जवळपास. आता तुम्हाला माहीत झालं की या ठिकाणी हाती वेळ दहा मिनिटांचा आहे आणि भोंगा वाजवून काही साधणार नाही. इथे उपाय आधीच करायला हवा : गाळ काढणं, ती लाइन वर उचलणं, जमेल तेव्हा पेटी पुलिया बांधणं.

हा हिशेब ढोबळ आहे. पाणलोट वीसपंचवीस टक्के चुकलं तरी निष्कर्ष बदलत नाही, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

पाणलोटाची हद्द काढायला भूमी अभिलेखचा जुना गाव नकाशा मागवा. त्यात नाले जसे होते तसे दिसतात. तो आजच्या लेआउटच्या नकाशावर ठेवला की कुठला नाला कोणाच्या प्लॉटखाली गेला हे उघडं पडतं. हे काम जरा जपून करा, कारण त्या प्लॉटवर कधीकधी सभागृहात बसणाऱ्या माणसाचं घर असतं. नकाशा जोडायचा, नाव लिहायचं नाही. पूररेषांची मागणी जलसंपदा विभागाकडे लेखी करा : निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. शहरातल्या लहान नाल्यांना बहुधा रेषाच आखलेली नसते. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकून पदाधिकारी निवांत होतात. त्यांना सांगा, तीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत लाल रेषेतल्या घरात पाणी शिरण्याची शक्यता २६ टक्के असते आणि निळ्या रेषेतल्या घरात ७० टक्क्यांच्या वर.

पावसाच्या आकड्यांबाबत एक गोष्ट. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, हा निकष पंचनाम्यासाठी ठीक आहे, नालीसाठी निरुपयोगी. ६५ मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडला तर नाली हसत वाहून नेते. तुम्हाला पंधरा मिनिटांचे किंवा निदान तासाचे आकडे लागतील. राज्याच्या महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर ते मिळू शकतात, तहसील कार्यालयामार्फत मागा. पण यंत्राचा आकडाही डोळे मिटून घ्यायचा नाही. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहिल्याशिवाय कुठलाही विक्रम आराखड्यात घालू नका.

दुसरं पाणी येतं नदीचं, आणि त्याचा स्वभाव अगदी उलटा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, चौराई आणि पेंचच्या धरणांतून पाणी सोडलं गेलं, कन्हान फुगली, पुढे वैनगंगेने भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत दाणादाण उडवली. आपल्याकडे आभाळ फारसं फुटलेलं नसतानाही मौदा, कुही, पारशिवनीकडची गावं पाण्यात गेली. इथे हाती वेळ मिनिटांचा नसून तासांचा, खाली जाल तसा दिवसाचा. एवढ्या वेळात जीव वाचतो, जनावरं सुटतात, दुकानातला मालही हलतो; फक्त निरोप यायला हवा, आणि तो कामाचा हवा. 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' या निरोपाने कोणी उठत नाही. 'अमुक पुलाच्या कठड्याला पाणी लागलं की तीन तासांत मच्छीपुऱ्यात शिरतं' या वाक्याने लोक उठतात. तुमच्या शहरात नदी असेल तर हे वाक्य तयार करणं हेच खरं मूल्यमापन. त्यासाठी जुन्या पुरांच्या खुणा भिंतींवर शोधा, जोत्यापासून टेपने मोजा, वर्ष विचारून लिहा. तीन-चार वर्षांच्या खुणा जमल्या की पुलावरची पातळी आणि वस्तीतलं पाणी यांची सांगड बसते.

ज्यांना हे अति वाटतं त्यांना मोवाड आठवून द्या. नरखेड तालुक्यातलं, तुमच्यासारखंच नगरपरिषदेचं गाव, त्याहून लहान. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचा पूर गावात शिरला आणि २०४ माणसं गेली. पुढे गाव दुसरीकडे वसवावं लागलं. जिल्ह्याच्या आराखड्यात महानगराची पानंच्या पानं असतात, पण एका दिवसात एवढी माणसं इथे गेली ती एका लहान गावात.

शहराच्या वर एखादा मामा तलाव (मालगुजारांच्या काळातला जुना, म्हणजे माजी मालगुजारी तलाव) असेल, रामटेक-उमरेडकडे बहुतेक असतोच, तर त्याच्या पाळीवर एकदा चालून या. पाळीवर मोठी झाडं वाढली आहेत का, उंदरा-घुशींची बिळं आहेत का, खालच्या अंगाला ओल पाझरते का, आणि सांडव्यासमोर कोणी भिंत, शेड, बागेचं कुंपण घातलं आहे का, एवढं बघा आणि फोटो घ्या. तलाव कोणाचा, जिल्हा परिषदेचा की पाटबंधारेचा, यावर पत्रव्यवहार वर्षभर चालेल. फोटो मात्र आजच काढा.

आता ऊन. माझ्या मते विदर्भातल्या कुठल्याही शहरात सगळ्यात जास्त माणसं ऊनच नेतं, आणि त्याची नोंद सगळ्यात कमी होते. कारण साधं आहे : पुरात गेलेला माणूस पुरात गेला असं लिहिलं जातं, उन्हाने गेलेल्याच्या दाखल्यावर हृदयविकार येतो. नागपूरचा उच्चांक ४७.९ अंश, मे २०१३ मधला. पण उच्चांकाच्या मागे लागू नका. तुमच्याच कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीचं रजिस्टर आहे. दहा वर्षांचे मे-जून काढा. ज्या दिवशी पारा ४४ च्या वर होता त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत सरासरी किती मृत्यू झाले आणि ४१ च्या खाली असताना किती, एवढी तुलना लिपिकाला चार दिवसांत करता येईल. एका वर्षाचे आकडे लहान शहरात फसवे असतात, म्हणून दहा वर्षं एकत्र करायची. अहमदाबादेत मे २०१० चे मृत्यू असेच मोजले तेव्हा नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जादा निघाले, आणि त्यातूनच २०१३ मध्ये तिथला उष्माघात कृती आराखडा आला.

मग वय आणि पत्ता बघा. बहुधा टिनाच्या घरांची वस्ती पुढे येईल. टिनाखाली रात्रीही घर थंड होत नाही, आणि शरीराला रात्रीचा आराम मिळाला नाही की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळतो. आणखी एक गोष्ट बाहेरच्या सल्लागारांना कळत नाही. आपल्याकडे सगळी भिस्त कूलरवर. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हवा कोरडी असते, कूलर झकास चालतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ढग येतात, दमट होतं, पारा दोन-चार अंशांनी उतरतो आणि वर्तमानपत्र 'नागपूरकरांना दिलासा' छापतं. नेमका तेव्हा कूलर चिकचिक करतो, घाम वाळत नाही. आराखडा फक्त कमाल तापमानावर बेतला तर हे दिवस सुटतात. आणि वीज गेली की कूलरही बंद. म्हणून कोणत्या फीडरवर (वीजवाहिनीवर) उन्हाळ्यात रात्री वीज जाते याची यादी महावितरणच्या शाखा अभियंत्याकडून घ्या आणि टिनाच्या वस्तीच्या नकाशावर मांडा. ही एक जोडणी केली तरी आराखड्याचे पैसे वसूल.

उन्हाबाबत हाती वेळ सगळ्यात जास्त असतो. हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज येतो, नागपूरचं प्रादेशिक केंद्र जिल्हावार इशारे देतं. तरी सर्वांत कमी हालचाल इथेच होते. तुमच्या हातात काय आहे? सफाई कामगारांची वेळ बदलणं, नगरपरिषदेच्या ठेकेदाराला दुपारी बारा ते चार काम बंद ठेवायची अट निविदेतच घालणं, भाजी बाजार सकाळी लवकर उठवणं. सगळं ठरावाने होतं, पैसा लागत नाही.

वीज आणि गारपीट थोडक्यात. विजेला हाती वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप तेवढा इशारा देतं. शहराच्या हद्दीतही शेतमजूर, वीटभट्टीवरचे लोक, गुराखी असतात. त्यांच्या मुकादमांचे नंबर इशारा पाठवायच्या मोबाइल गटात टाका. गारपीट हा मुख्यतः संत्र्याच्या बागांचा आणि तालुका कृषी कार्यालयाचा विषय. शहरात मोसमापूर्व वादळात पडतात ती झाडं आणि होर्डिंग. होर्डिंगचे परवाने तुमच्याच टेबलावर आहेत, त्यांचं स्थैर्य प्रमाणपत्र मागा.

भूकंप धरायचा की नाही? धरायचा, पण एका पानात. भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नागपूर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या विभागात आहे (त्यात पहिला विभागच नाही). त्यावर फार विसंबू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरलं तेव्हा तो भागही सर्वांत कमी धोक्याचाच मानला जात होता. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप ५.८ तीव्रतेचा होता, आणि जबलपूर आपल्यापासून फार लांब नाही. इथे हाती वेळ शून्य, त्यामुळे जे करायचं ते इमारतीतच आधी करायला हवं. सगळं शहर तपासू नका. शाळा, ग्रामीण रुग्णालय, अग्निशमनचं शेड आणि उंच जलकुंभ एवढ्यांची संरचनात्मक तपासणी मागा. जलकुंभाच्या खांबांचं काँक्रीट सुटून सळया दिसत असतील, तर भूकंपाची वाट कशाला बघायची. ते काम तसंही तातडीचं आहे.

कंपनीचा अहवाल घ्यावा का? त्यांच्या नमुन्याच्या अहवालात एक पान उघडा आणि विचारा, उंचीची माहिती कुठली? फुकट मिळणाऱ्या उपग्रहीय माहितीत साधारण ३० मीटर बाय ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते, आणि तीही काही मीटरने चुकू शकते. तुमच्याकडे पाणी घरात शिरतं की नाही हे दोन फुटांच्या जोत्यावर ठरतं. रंगीत नकाशात अख्खा प्रभाग लाल दिसेल आणि त्यातलं नेमकं कोणतं घर, ते कळणार नाही. खरं तर नकाशाची सगळी मोठी घरं नागपुरातच आहेत. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय, मातीचं राष्ट्रीय सर्वेक्षण करणारी अमरावती रोडवरची संस्था, सगळी एका दिवसात फिरून होतात. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र घेऊन स्वतः जा. टपालाने पाठवलं तर ते आवक-जावकमध्येच राहील. कंपनीला द्यायचे पैसे असतील तर त्यातून नाल्यांचा लेव्हल सर्व्हे करून घ्या. टोटल स्टेशन (उंची आणि अंतर मोजायचं यंत्र) घेऊन फिरणारा स्थानिक सर्व्हेअर हे काम कमी पैशांत आणि जास्त नेमकं करतो.

दोन महिन्यांत हे सगळं बसेल का? बसेल, जर तीन रजिस्टरं पहिल्याच आठवड्यात मिळवली : अग्निशमनचं वर्दी रजिस्टर (कुठून कधी बोलावणं आलं त्याची नोंद), मृत्यू नोंदणी, आणि तहसीलमधली सानुग्रह अनुदानाची जुनी यादी. त्या शेवटच्या यादीत कोणाच्या घरात कोणत्या वर्षी पाणी शिरलं हे पंचनाम्यासकट असतं. पंचनाम्यात थोडी रंगरंगोटी असते हे आपल्याला माहीत आहे, पण तेच घर तीन वेगवेगळ्या वर्षांत आलं तर ती रंगरंगोटी नाही. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात पायी फिरणं. उरलेल्या वेळात लिखाण, आणि तो तक्ता.

आराखडा म्हणून शेवटी पाच-सहा ठिकाणांचा एक मोठा कागद निघायला हवा. प्रत्येक ठिकाणापुढे चार गोष्टी : कशाचा धोका, पहिली खूण कोणती, हाती वेळ किती, आणि त्या वेळात कोणी काय करायचं, फोन नंबरसकट. पंपाच्या खोलीची चावी रात्री कोणाकडे असते हेही त्यात हवं. जॅकवेल (नदीतून पिण्याचं पाणी उपसायची विहीर) आणि रुग्णालयाचं जनरेटर पुराच्या पातळीच्या वर आहे की खाली, ते न विसरता लिहा. पूर ओसरल्यावर पिण्याचं पाणी आठवडाभर बंद राहिलं तर तीही आपत्तीच.

कायद्याचं एक ध्यानात असू द्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हा प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असतं. २०२५ च्या दुरुस्तीने नागरी प्राधिकरणाची सोय झाली, ती राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिकांच्या शहरांसाठी. नगरपरिषदेला त्यात जागा नाही, तुमचं सगळं जिल्ह्याच्या आराखड्यातूनच जाणार. म्हणून तो कागद नुसता मुख्याधिकाऱ्यांना देऊन थांबू नका. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या, आणि सोबत धरणातून पाणी सोडण्याचा संदेश थेट नगरपरिषदेच्या नियंत्रण कक्षाला मिळावा अशी मागणी जोडा. तो संदेश सध्या तहसीलमार्फत फिरून येत असेल, तर तेवढा वेळ तुमच्या हातून आधीच गेलेला असतो.